मेणावरचा चावा

"हे बघ," डॉ. हिरेमठ म्हणाले आणि चिमट्यात धरलेली गुलाबी मेणाची कांडी त्यांनी माझ्या नाकासमोर आणली. "कुणीतरी चावलंय."

मी बघितलं. कांडी पेन्सिलीएवढी होती. एका टोकाला बारीक नक्षी कोरलेली होती आणि दुसऱ्या टोकाला वरून चार, खालून चार दातांच्या खुणा होत्या. चांगल्या खोल.

"उंदीर असेल," मी म्हणालो.

"बर्गे, तुझं शिक्षण काय झालंय?"

"बीडीएस."

"उंदराला वर पुढं किती दात असतात?"

"दोन."

"इथं चार आहेत. म्हणजे हा उंदीर नाही. हा माणूस आहे."

गडहिंग्लजला डॉ. चंद्रशेखर हिरेमठांच्या दवाखान्यात मी लागलो त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. आता चौदा वर्षं उलटली. माझा स्वतःचा दवाखाना आहे, तरी त्या मार्च महिन्याबद्दल मी कुणाला फारसं सांगत नाही. दवाखान्यात आम्ही तिघं होतो. डॉक्टर, वय अठ्ठावन्न, जाड चष्मा, जाड मिशा. मी, वय चोवीस, कोरेगावचा, दोन महिन्यांत एकही चुकीचा दात न काढलेला आणि तेवढ्यावर मान ताठ करून फिरणारा. आणि मालनताई. मालनताई तिथं अठरा वर्षं होत्या. हत्यारं उकळायची, नंबर पुकारायचे, पेशंटच्या तोंडात नळी धरायची, रडणाऱ्याचं डोकं धरायचं आणि न रडणाऱ्यावर नजर ठेवायची, ही सगळी त्यांची कामं.

डॉक्टर दात बघायचे ते पोटासाठी. जीव त्यांचा शोध लावण्यात होता. चुकीच्या पद्धतीनं घासलं की शिट्टी वाजवणारा टूथब्रश त्यांनी केला होता. बरोबर घासलं तरी तो वाजायचा, एवढीच त्याची अडचण होती. भूल देताना पेशंटचं लक्ष दुसरीकडं जावं म्हणून खुर्चीच्या हातात त्यांनी एक थरथरणारं यंत्र बसवलं, त्यानं एका तलाठ्याचं घड्याळ कायमचं थांबलं. तलाठ्याचं लक्ष मात्र खरंच दुसरीकडं गेलं.

त्या मार्चमधला शोध होता दुतोंडी आरसा. दातांच्या डॉक्टरकडं तोंडात घालायचा एक छोटा गोल आरसा असतो, त्यात फक्त डॉक्टरला दिसतं. हिरेमठांच्या आरशाला दोन तोंडं होती, एक डॉक्टरकडं वळलेलं आणि एक पेशंटकडं. आपला किडलेला दात पेशंटनं स्वतःच्या डोळ्यांनी बघावा, म्हणजे तो वाद घालणार नाही. कोल्हापूरला दंतवैद्यांचं अधिवेशन तीन आठवड्यांवर आलं होतं आणि तिथं हा आरसा मांडायचा होता. त्याची मूठ चांदीची करायची होती. डॉक्टर ती आधी मेणात कोरणार, मग हुपरीचा कारागीर त्या मेणावरून चांदीत ओतणार. ती ही कांडी.

"शिनोळकर," डॉक्टर म्हणाले.

डॉ. शिनोळकरांनी सहा महिन्यांपूर्वी समोरच्या बाजूला दवाखाना काढला होता. काचेचं दार, गार हवा आणि बसायच्या खोलीत माशांची टाकी.

"शिनोळकर डॉक्टर इथं येऊन मेण चावून गेले?"

"तो कशाला येईल? माणूस लावला असेल."

"चावायला?"

"बिघडवायला. मूठ चोरली असती तर मी पोलिसांत गेलो असतो. चावली म्हणून कुठल्या पोलिसांत जाऊ?"

विचार केला तर योजना खरंच चांगली होती.

त्याच दिवशी दुपारी दवाखाना बंद असताना डॉक्टरांनी नवीन मूठ कोरली आणि आतल्या खोलीत टेबलावर ठेवली. संध्याकाळी सगळे गेल्यावर, शेवटी निघताना, त्यांनी त्या खोलीच्या जमिनीवर प्लास्टरची पावडर पोतीच्या पोती पसरली. दातांचे साचे ओतायची, पांढरी, पिठासारखी. जो कोणी आत जाईल त्याची पावलं उमटतील.

मालनताई रोज सकाळी आठला दवाखाना उघडायच्या. आतल्या खोलीत त्यांना पांढऱ्या पावडरीचा थर दिसला. अठरा वर्षं त्या जे करत होत्या तेच त्यांनी केलं. बादलीभर पाणी ओतून फरशी पुसायला घेतली.

प्लास्टरमध्ये पाणी पडलं की दहा मिनिटांत दगड होतो. मी आणि डॉक्टर पोहोचलो तेव्हा खोलीची जमीन चार बोटं वर आली होती. फडकं तिच्यात अर्धं बुडून उभं होतं आणि बादली जागेवरून हलत नव्हती. दार पाव उघडत होतं. मालनताई उंबऱ्यात कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"काय वो छोटे डॉक्टर," त्या मला म्हणाल्या, "जमिनीला बी कवळी बसवायची हाय का?"

डॉक्टर अंग तिरकं करून दारातून आत सरकले. टेबलावरची मूठ त्यांनी उजेडात धरली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि मला खुणेनं बोलावलं. त्याच टोकाला, तसेच दात.

"पुरावा धुतला," ते माझ्या कानाशी म्हणाले.

"त्यांना पावडरीचं सांगितलं होतं का?"

"सांगितलं असतं तर सापळा कसला?"

बाहेर मालनताई हातोडी शोधत होत्या. डॉक्टर दाराच्या फटीतून त्यांच्याकडं बघत राहिले. अठरा वर्षांत त्यांनी कधी तसं बघितलं नसेल. मलाही मग त्यांच्या हातोडी शोधण्यात काहीतरी जास्तीचं दिसायला लागलं. इतक्या शांतपणे माणूस हातोडी शोधतो का?

दुपारी डॉक्टरांनी चौकशी माझ्याकडं सोपवली.

"निःपक्षपाती पाहिजे," ते म्हणाले. "आतल्या खोलीत कोण कोण जातं?"

"तुम्ही. मी. मालनताई. आणि कंप्रेसरवाले मुल्ला मिस्त्री."

"चौघांचीही तपासणी कर. मलाही सोडू नको."

आमच्याकडं चौकशीचं जे साधन होतं ते पोलिसांकडंही नव्हतं. मागच्या खोलीत एक लोखंडी कपाट होतं, त्यात अर्ध्या गडहिंग्लजचे जबडे प्लास्टरमध्ये ओतून नावानिशी ठेवले होते. मामलेदारांच्या शेजारी भाजीवाल्या आक्का, त्यांच्या वर तालमीचे वस्ताद. प्रत्येकाचं कार्डही होतं, कुठला दात कसा आहे ते लिहिलेलं. माणूस नाव बदलेल, गाव बदलेल, जबडा कुठं बदलेल, असं डॉक्टर म्हणायचे.

मेणावरचे दात मी भिंगाखाली घेतले. वरचे चार दात नीट उमटले होते. तीन सरळ होते. चौथा, म्हणजे वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा, वळलेला होता. बाकीच्यांच्या आडव्या रेघा आणि ह्याची तिरकी, दार अर्धवट उघडं राहावं तशी.

मुल्ला मिस्त्रींना वर पुढचे दातच नव्हते. ते डॉक्टरांनीच काढले होते, त्यामुळं त्यांची सुटका लगेच झाली. माझे दात सरळ आहेत असं मी सांगितलं आणि डॉक्टरांनी ते मान्य केलं. डॉक्टरांचा साचा कपाटात नव्हता, कारण स्वतःच्या तोंडाचा साचा स्वतः घेता येत नाही. पण कार्ड होतं, त्यांच्याच अक्षरात. 'वरचा उजवा, सुळ्याच्या अलीकडचा, वळलेला.' उजवा. मेणावर डावा होता. तेही सुटले.

डॉक्टरांचे दात खरं तर कुणी बघितलेच नव्हते. मिशा वरच्या ओठावरून खाली उतरलेल्या, आणि हसायचे ते मिशांच्या आत.

मग मी मालनताईंचा साचा काढला. वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा. वळलेला.

मी पट्टी लावून मोजलं. दातांची रुंदी मेणावर थोडी जास्त भरत होती, ती मी मार्चच्या उन्हावर ढकलली. मेण उन्हात पसरतं. दोन पानी अहवाल लिहिला. कॉलेजमध्ये असताना माझं कुठलंच काम इतकं सुबक झालं नव्हतं.

"किती खात्री आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"अठ्ठ्याण्णव टक्के," मी म्हणालो. उरलेले दोन टक्के मी नम्रपणा म्हणून सोडले होते.

मालनताई हत्यारं पुसून ट्रेमध्ये लावत होत्या. डॉक्टर त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले, पण बघत होते ट्रेकडं.

"मालन, शिनोळकर काय देतो?"

"कशाबद्दल?"

"मूठ चावायचं."

मालनताईंनी हातातला चिमटा खाली ठेवला. "मी मेण चावलं?"

"असं मी म्हणत नाही. साचा म्हणतोय. बर्गेनं सगळं मोजलंय."

"छोट्या डॉक्टरांनी?"

त्या माझ्याकडं वळल्या. मी अहवाल पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही.

"मला भूक लागली तर मी भाकरी खाते, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "घरात सासू हाय, पोरगी पॉलिटेक्निकला हाय. गल्लीत काय सांगू मी? मेण खाल्लं म्हणून काढलं?"

"साचा खोटं बोलत नाही, मालन."

"साचा," त्या म्हणाल्या.

मग त्या तशाच उभ्या राहिल्या. ओठ मिटून, आधी डॉक्टरांकडं आणि मग माझ्याकडं बघत. कशाची तरी वाट बघत असाव्यात असं वाटलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. तेव्हा त्यांनी ॲप्रन काढून खुंटीला लावला, किल्ल्या काउंटरवर ठेवल्या, डबा घेतला आणि त्या गेल्या.

"बघितलंस?" डॉक्टर म्हणाले. "नाही म्हणाली नाही."

मला ते पटलं. पटवून घेतलं, असं म्हणणं जास्त खरं होईल.

पुढचे दोन दिवस नंबर मी पुकारले. भडगावच्या एका आजोबांना मी पुकारलं, त्यांच्याऐवजी त्यांना सोडायला आलेला जावई खुर्चीत बसला आणि त्याला भूल दिल्यावर आम्हाला ते कळलं. दात काढायची एक पक्कड दिवसभर सापडली नाही. ती हत्यारं उकळायच्या भांड्यात होती, म्हणजे जिथं असायला हवी तिथंच. तिथं बघायचं आम्हाला सुचलं नव्हतं.

तिसरी मूठ डॉक्टरांनी बुधवारी दुपारी कोरली. रात्री खोलीला कुलूप लावून किल्ली ते घरी घेऊन गेले. गुरुवारी सकाळी आम्ही दोघांनी मिळून कुलूप काढलं. डॉक्टरांनी मूठ उचलली, चष्मा सारखा केला आणि ती उजेडात धरली.

त्याच टोकाला चार आणि चार.

"मुल्ला नाही," ते सावकाश म्हणाले. "मालन नाही." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "बर्गे, ह्या खुर्चीत बस."

त्यांनी माझ्या तोंडात मेणाची पट्टी घालून मला चावायला लावलं आणि पट्टी भिंगाखाली नेली.

"सगळे सरळ," ते म्हणाले.

"मी सांगितलं होतं. शाळेत तीन वर्षं तारा होत्या."

"इतके सरळ दात माणसाचे नसतात," ते म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते दाखवलं नाही.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मालनताईंवर संशय होता तेव्हा सगळं कसं सरळ होतं. तोच संशय माझ्या अंगावर आला आणि त्याची बाराखडीच बदलली. मी शिनोळकरांना कधी भेटलो होतो का? एकदा त्यांची माशांची टाकी बघायला गेलो होतो. ते कुणी बघितलं असेल का? आणि मालनताईंनी चावलं नसेल तर माझ्या अहवालातल्या अठ्ठ्याण्णव टक्क्यांचं काय करायचं?

शुक्रवारी दुपारी एकला दवाखाना बंद झाला. जेवायला जातो असं सांगून मी निघालो आणि मागच्या दारानं परत आलो. आतल्या खोलीला लागून एक्स-रेची आडोशाची जागा होती. तिथं खुंटीवर शिशाचा ॲप्रन टांगलेला असायचा, गुडघ्यापर्यंत येणारा. मी तो घातला आणि भिंतीला टेकून उभा राहिलो. किरणांपासून बचाव होतो तसा डॉक्टरांच्या नजरेपासूनही होईल, असा काहीतरी विचार त्यामागं असावा.

दीड वाजता डॉक्टर आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कारण बारीक काम ते चष्म्याशिवायच करायचे, आणि चौथी मूठ कोरायला बसले. वीस मिनिटं काहीच झालं नाही. खोलीत कुणी आलं नाही, खिडकीतून कुणी हात घातला नाही. शिसं जड असतं हे मला पुस्तकातून माहीत होतं, ते आता खांद्यांना कळायला लागलं.

मग सुरी तापवायचा स्पिरिटचा दिवा विझला. डॉक्टरांच्या डाव्या हातात मूठ आणि उजव्या हातात कोरायची सुरी. काडेपेटी उघडायला दोन्ही हात मोकळे हवेत. त्यांनी सुरी टेबलावर ठेवली. मूठ त्यांनी दातांत धरली.

काडी ओढली, दिवा लावला. मूठ दातांतच. तेवढ्यात फोन वाजला. "हं," डॉक्टर म्हणाले. "हं, हं. मूठ तयार होत आलीय. नाही, ह्या वेळी कुणाला जवळ येऊ दिलेलं नाही." शब्द नीट उमटत नव्हते. हुपरीचा कारागीर पलीकडून काहीतरी विचारत असावा, कारण ते दोनदा म्हणाले, "नाही, जेवत नाहीये."

मी आडोशातून बाहेर आलो.

"डॉक्टर, तोंडात काय आहे?"

त्यांनी फोन ठेवला, माझ्याकडं आणि माझ्या ॲप्रनकडं बघितलं. मूठ तोंडातून काढून पाठीमागं धरली.

"काही नाही."

"मूठ होती."

"मूठ माझ्या हातात आहे."

"आता आहे. मघाशी दातांत होती."

"दातांत मी काही धरत नाही. रोज पेशंटना सांगतो, दातांची पक्कड करू नका." त्यांना राग आला नव्हता. ते खरंच गोंधळले होते. "आणि माझं कार्ड तू बघितलंयस. माझा उजवा वळलेला आहे. मेणावर डावा आहे."

"मग साचा घेऊ," मी म्हणालो.

"कुणाचा?"

"तुमचा."

अठ्ठावीस वर्षं ज्या खुर्चीशेजारी ते उभे होते तिच्यात ते पहिल्यांदा आडवे झाले. वर बघून म्हणाले, "छताला ही ओल कधीपासून आहे?"

"मी आलो तेव्हापासून."

"लोक हे बघत पडतात?"

मी साच्याचा लगदा कालवला, जबड्याच्या आकाराच्या छोट्या ट्रेमध्ये भरला आणि त्यांच्या वरच्या जबड्यावर दाबला. तो घट्ट व्हायला तीन मिनिटं लागतात आणि त्या तीन मिनिटांत माणसाला बोलता येत नाही. ही सोय माझ्या आधी लक्षात आली नव्हती.

"नाकानं श्वास घ्या," मी म्हणालो. "तुम्ही दोन्ही हात अडकले की मूठ दातांत धरता. कोरताना चष्मा कपाळावर असतो, म्हणून खुणा दिसत नाहीत. सकाळी चष्मा लावून बघता, तेव्हा दिसतात. चारही वेळा तुम्हीच चावलंय. हलू नका."

डॉक्टरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. घशाशी ट्रे गेला की सगळ्यांच्याच येतं, त्यामुळं त्यातून काही काढता आलं नाही.

प्लास्टर ओतलं, पाऊण तास थांबलो. दोघंही स्टुलावर समोरासमोर बसून राहिलो. मग मी साचा सोडवला आणि मेणाच्या खुणेवर टेकवला. त्यात काही मोजायची गरज पडली नाही. झाकण डब्यावर बसावं तसा बसला. रुंदीसकट.

"पण हा डावा आहे," डॉक्टर म्हणाले.

"हो."

"कार्डावर मी उजवा लिहिलाय."

"कार्ड कसं लिहिलं होतं?"

"आरशात बघून."

बोलता बोलता ते थांबले. आम्ही पेशंटच्या समोर असतो, त्यामुळं आमच्या डाव्या हाताला दिसेल तो पेशंटचा उजवा दात. वर्षानुवर्षं असं लिहून हाताला ती सवयच लागते. साध्या माणसानं आरशात बघितलं तर डाव्या बाजूचा दात तो डावाच म्हणेल. डॉक्टरांनी आरशातल्या माणसाला पेशंट धरला आणि सवयीनं उलटं लिहिलं. पंधरा वर्षं ते कार्ड तसंच होतं.

त्यांनी स्वतःचा जबडा हातात घेऊन फिरवून बघितला. मग म्हणाले, "मालन."

आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार मुलीनं उघडलं. "आई कामावर गेलीय. शिनोळकर डॉक्टरांकडं."

"बघ," डॉक्टर माझ्याकडं वळून म्हणाले. "मी म्हटलं नव्हतं?"

"कधीपासून?" मी मुलीला विचारलं.

"काल सकाळी गेली विचारायला. तुम्ही काढलं म्हणून."

डॉक्टरांनी पुढचं वाक्य गिळलं.

शिनोळकरांचं काचेचं दार ढकलून आम्ही आत गेलो तेव्हा दहा-बारा पेशंट बसले होते आणि त्यातले निम्मे आमचे जुने होते. ते सगळे माशांकडं बघायला लागले. काउंटरमागं मालनताई होत्या, निळ्या ॲप्रनमध्ये, समोर रजिस्टर.

"नाव?" त्या म्हणाल्या.

"मालन, मी आहे."

"हिरेमठ," त्यांनी लिहिलं. "तक्रार काय?"

"तक्रार नाही. माझ्याकडून चूक झाली, ते सांगायला आलोय."

"इथं तक्रारीच लिहितात."

डॉक्टरांनी खिशातून स्वतःच्या जबड्याचा साचा काढून काउंटरवर ठेवला. "मीच चावत होतो. मला कळत नव्हतं. माझं कार्ड उलटं लिहिलेलं होतं, म्हणून..." ते अडखळले. "आणि तुझाही तोच दात वळलेला. म्हणून बर्गेला वाटलं."

"माझा?" मालनताई म्हणाल्या. "कुठला?"

"वरचा डावा," मी म्हणालो. "सुळ्याच्या अलीकडचा."

त्यांनी पेन खाली ठेवलं. उठून उभ्या राहिल्या, काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि तोंड उघडलं. मी बघितलं. आरसा नको होता आणि दिवाही नको होता. काचेतून भरपूर ऊन येत होतं. वरचा डावा, सुळ्याच्या अलीकडचा दात एकदम सरळ होता. बाकीच्यांपेक्षा थोडा जास्त पांढरा. खोटा दात होता.

"हा कधी बसवला?" मी विचारलं.

"चार वर्षं झाली. ह्यांनीच. ते दात आठवड्यात सरळ करायचं स्प्रिंगचं काढलं न्हवतं का तुम्ही, डॉक्टर? मंगळवारी दात सरळ झाला. गुरुवारी पडला."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर आठवण सावकाश उजाडली. फसलेले शोध ते कार्डावर लिहीत नसत. मी मोजला तो साचा नऊ वर्षांपूर्वीचा होता. त्यावरची तारीख मी वाचली होती. तिचं काही करायचं असतं हे मला सुचलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस?" डॉक्टर म्हणाले. "त्या दिवशी नुसतं दाखवलं असतंस."

"दिवसाला चाळीस माणसांना आ करा म्हणता," मालनताई म्हणाल्या. आवाज चढला नाही. "रस्त्यावरनं आलेल्याला म्हणता. मी उभी होते की तुमच्यासमोर. दोन डॉक्टर. एकानं तरी म्हणायचं."

टाकीतला पंप बुडबुडे सोडत होता.

"उद्यापासून येशील?" डॉक्टरांनी विचारलं.

"उद्या इथं दोन रूट कॅनल हाईत."

"परवा?"

"पुढचा नंबर बोलवायचाय मला, डॉक्टर. बाजूला व्हा जरा."

आम्ही बाजूला झालो, आणि मग बाहेर.

चौथी मूठ तशीच हुपरीला गेली, पाचवी कोरायचं डॉक्टरांनी मनावर घेतलं नाही. कारागीर प्रामाणिक माणूस. त्यानं दातांच्या खुणांसकट ती चांदीत उतरवली. अधिवेशनात दुतोंडी आरसा कुणाला फारसा समजला नाही, पण मूठ सगळ्यांनी हातात घेऊन बघितली. बोटं छान बसतात, असं म्हणाले. डॉक्टर प्रत्येकाला सांगत राहिले की ते दात त्यांचे आहेत, आणि तो विनोद समजून लोक हसत राहिले. डॉक्टर हसले नाहीत.

अधिवेशन झाल्यावर पुढच्या सोमवारी मी दवाखान्यात पोहोचलो तर दार उघडं होतं. फरशी ओली होती. मालनताई हत्यारं ट्रेमध्ये लावत होत्या. डॉक्टर अजून यायचे होते. ते शिनोळकरांकडं किती वेळा गेले, काय बोलले, हे मला कुणी कधी सांगितलं नाही. आणि मी एकदाही गेलो नव्हतो. जायचं रोज ठरवत होतो.

"मालनताई," मी म्हणालो, "तो अहवाल मी..."

"बसा," त्या म्हणाल्या.

"कुठं?"

त्यांनी खुर्चीकडं बोट केलं. "डॉक्टरांना सांगितलंय मी. हितं काम करणाऱ्या सगळ्यांची कार्डं नव्यानं लिहायची. तोंड बघून. आधी तुमचं."

मी आडवा झालो. छताची ओल थोडी पसरली होती. त्यांनी दिवा माझ्यावर वळवला, हातात आरसा घेतला आणि म्हणाल्या, "आ करा."

मी तोंड उघडलं. त्यांनी वरचे दात बघितले, खालचे बघितले, मग पुन्हा वरचे. माझे सगळे दात सरळ आहेत. त्यात बघण्यासारखं काही नाही, दोन मिनिटांचं काम आहे. रस्त्यावरून वरात जाऊन आली, बाहेर पहिला पेशंट येऊन खोकला, जबडा दुखायला लागला. त्या बघत राहिल्या. मीही तोंड तसंच उघडं ठेवलं. मिटा असं त्या म्हणाल्या नव्हत्या.